दोन जोड स्पीकर आणि मधे एक साधा स्विच बॉक्स

घरी मिक्सिंग करायचं तर दोन जोड स्पीकर हवेतच हे माझं आता पक्कं मत आहे, आणि दोन जोड आले की त्यांच्यात पटकन अदलाबदल करायची सोय पण हवी, नाहीतर दुसरी जोडी नुसती टेबलावर बसून राहते. माझ्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला, मागे लाइन आउटपुट (स्पीकरकडे सिग्नल जायच्या जागा) दोनच आहेत, लेफ्ट आणि राइट. त्यामुळे मोठे स्पीकर ऐकून झाले की टेबलामागे हात घालायचा, दोन्ही पिना उपटायच्या, छोट्या स्पीकरच्या खुपसायच्या, परत येऊन खुर्चीत बसायचं आणि प्ले करायचं. तोपर्यंत मगाशी काय ऐकलं होतं ते कानातून पार गेलेलं असतं. चाल लक्षात राहते, शब्द लक्षात राहतात, पण टाळ मगाशी जास्त टोचत होता की आत्ता टोचतोय एवढी बारीक गोष्ट कान काही सेकंदांच्या वर धरून ठेवत नाही. तुलना करायची तर गाणं चालू असतानाच, त्याच ओळीवर, झटक्यात बदलता आलं पाहिजे.

मी जास्त करून अभंग आणि भजनं रेकॉर्ड करते, आमच्या भागातलं एक भजनी मंडळ आहे त्यांचं, आणि अधूनमधून कुणाचं पेटीचं सोलो वगैरे. या संगीतात दोन टोकं एकदम ठळक असतात. एकीकडे पखवाजाचा डावा, कणीक लावलेला, त्याचा तो घुमणारा खालचा आवाज, आणि दुसरीकडे टाळ, जो मोठ्या स्पीकरवर छान चमकतो आणि मोबाइलवर कानात सुईसारखा जातो. ऐकणारे नव्वद टक्के लोक मोबाइलवरच ऐकणार हे धरून चालायचं. म्हणून मी मोठ्या जोडीच्या शेजारी ३ इंची छोट्या पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेल्या) स्पीकरची जोडी ठेवलीय, मुद्दाम बेस नसलेली. ही पद्धत काही माझी नाही, जगभरच्या स्टुडिओत हे फार पूर्वीपासून चालतं. यामाहाचा एनएस-१०, तो पांढऱ्या कोनवाला, १९७८ मधे आला तो खरं तर घरी गाणी ऐकायचा हायफाय स्पीकर म्हणून, पण तो स्टुडिओवाल्यांनीच उचलला कारण मिक्समधली खोट तो लपवत नाही. २००१ मधे त्याचं उत्पादन बंद झालं तरी फोटोत अजून दिसतोच.

तर स्विच बॉक्स. बाजारात मॉनिटर कंट्रोलर नावाने तयार वस्तू मिळते, त्यात व्हॉल्यूम, हेडफोन, टॉकबॅक असं बरंच काही असतं आणि त्या मानाने पैसेही. मला त्यातलं काहीच नको होतं. व्हॉल्यूम इंटरफेसवर आहे, हेडफोनही तिथेच आहे. मला हवा होता फक्त एक खटका, वर केला की मोठे, खाली केला की छोटे. शिवाय ज्या डब्यात अँप्लिफायर चिप नाही, पॉवर सप्लाय नाही, त्यात हिस येणार नाही, डिस्टॉर्शन येणार नाही, अ‍ॅडॉप्टर जळणार नाही. सिग्नल एका तारेतून आत येतो, तांब्या-पितळेतूनच बाहेर जातो, वाटेत कुणी त्याला हात लावत नाही. असा पॅसिव्ह डबा नीट बनवला तर त्यापेक्षा स्वच्छ आवाज महागड्या वस्तूतून पण मिळणार नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

आता यात समजून घ्यायची मुख्य गोष्ट म्हणजे किती तारा बदलायच्यात. लाइन आउटपुट बहुतेक वेळा बॅलन्स्ड असतं, म्हणजे एकेका चॅनेलला तीन कनेक्शन: पिनच्या टोकावर म्हणजे टिपवर हॉट, मधल्या कड्यावर म्हणजे रिंगवर कोल्ड आणि मागच्या दांड्यावर म्हणजे स्लीव्हवर ग्राउंड. हॉट आणि कोल्डवर तोच सिग्नल एकमेकांच्या उलटा असतो, स्पीकर त्या दोघांतला फरक तेवढा घेतो, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांवर सारखाच आलेला कचरा आपोआप कटतो. म्हणजे स्टिरिओसाठी लेफ्टच्या दोन आणि राइटच्या दोन अशा चार तारा एकाच वेळी इकडून तिकडे गेल्या पाहिजेत. ग्राउंड सगळ्यांचं एकत्र ठेवलं तरी चालतं. चार तारा, दोन जागा, म्हणून स्विच लागतो फोर पोल डबल थ्रो, ४पीडीटी. बरेच जण डीपीडीटी, म्हणजे डबल पोल डबल थ्रो, घेऊन येतात कारण तो सगळीकडे मिळतो, पण त्यात दोनच तारा बसतात, मग एकतर एकच चॅनेल बॅलन्स्ड बदलेल किंवा दोन्ही चॅनेलच्या कोल्डला सोडून द्यावं लागेल. तसं करू नका, बॅलन्स्ड केबलला पैसे घालून मधेच तिचा फायदा घालवायचा याला काही अर्थ नाही.

सामान घ्यायला तपकीर गल्लीत गेले. पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, बुधवारात इलेक्ट्रॉनिक्सचं सामान घ्यायचं म्हणजे तीच जागा, मुंबईकरांना जशी लॅमिंग्टन रोड. दुकानातल्या काकांना म्हटलं फोर पोलचा टॉगल, म्हणजे वरखाली करायचा खटका, हवाय, तर त्यांनी आधी विचारलं, "ताई, कशासाठी? डीपीडीटीत नाही भागणार?" मग मी कागदावर काढलेलं दाखवलं तर म्हणाले, "मग बँड स्विच घ्या ना, फोर पोल थ्री वे, तीन स्पीकर लावाल उद्या." सल्ला खरोखर चांगला होता. बँड स्विच म्हणजे जुन्या रेडिओला असायचा तो फिरवायचा रोटरी, त्याच्या एका चकतीवर बारा कॉन्टॅक्ट असतात, म्हणून चार पोल गुणिले तीन जागा बरोबर बसतं. तुमच्याकडे तीन जोड्या असतील तर तोच घ्या. मला मात्र न बघता बोटाने कळेल असा खटका हवा होता, आणि मला टॉगलमधे ऑन-ऑफ-ऑन प्रकार हवा होता. त्यात मधली जागा बंद असते, म्हणजे फुकटात म्यूट मिळतो. मी ज्या खोलीत मिक्स करते त्याच खोलीत माइक लावून गाणं पण घेते, तेव्हा स्पीकर गप्प हवेत, आणि मधे खटका ठेवला की काम झालं. असा टॉगल काकांनी मागच्या खोलीतल्या एका खोक्यातून शोधून आणून दिला.

जॅक मागताना "पी-३८ फीमेल, स्टिरिओ" असं मागा, सहा पॉइंट तीन (मिलिमीटर, पिनची जाडी) म्हटलं तर दुकानात काही जण नुसतंच बघत राहतात. आणि स्टिरिओ हा शब्द विसरू नका, मोनो जॅकला रिंगचा कॉन्टॅक्टच नसतो. सहा लागतात, दोन आत यायचे आणि चार बाहेर जायचे. मी उघड्या फ्रेमचे, धातूच्या बुशवाले घेतले, ते आतून दिसतात, पिन घातली की कुठली पट्टी कुठे टेकतेय ते डोळ्याने कळतं आणि सोल्डर करायला जागा भरपूर असते. बाकी अ‍ॅल्युमिनियमचा डबा, टेफ्लॉनची बारीक वायर चार रंगांत, हीट श्रिंक, रबरी बूट. सगळं मिळून हजार-बाराशेच्या आत बसलं, त्यात डबाच महाग.

स्विचबद्दल अजून एक, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. टॉगलवर ५ अँपिअर वगैरे लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं वा, दणकट आहे. लाइन लेव्हलचं काम अगदी उलट आहे. प्रोफेशनल लेव्हल म्हणजे +४ डीबीयू, साधारण १.२३ व्होल्ट, आणि स्पीकरचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) १० हजार ओहमच्या आसपास, म्हणजे तारेतून जाणारा करंट मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाएवढा. जास्त करंटच्या स्विचमधे चांदीचे कॉन्टॅक्ट असतात, त्यांच्यावर हवेने काळा थर चढतो आणि मोठा करंट तोडताना उडणाऱ्या ठिणगीने तो जळून साफ होत राहतो. आपल्या सिग्नलमधे ठिणगी कुठून येणार? मग थर साचतो आणि एखाद्या दिवशी खटका टाकला की खर्र आवाज येतो किंवा एक चॅनेल दबका लागतो. म्हणून असल्या कामाला सोन्याचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्ट उत्तम. मला गोल्ड प्लेटेड फोर पोल मिळाला नाही, चांदीचाच वापरते. पावसाळ्यात कधी खरखरला तर दहा-बारा वेळा खटका पटापट वरखाली करायचा, कॉन्टॅक्ट एकमेकांवर घासून साफ होतात. अगदीच नाही गेलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा.

डब्याला भोकं पाडायचं काम दुपारी उरकलं. आधी कागदावर जॅक आणि नट खऱ्या मापाने काढून तो कागद डब्यावर चिकटवला, सेंटर पंचने टिंब मारलं, ३ मिमीने पायलट होल आणि मग स्टेप ड्रिल. पी-३८ जॅकला साडेनऊ-दहा मिमी लागतं, मिनी टॉगलला सहा-साडेसहा. टिंब मारल्याशिवाय ड्रिल ठेवलं तर अ‍ॅल्युमिनियमवर ते घसरतंच. दोन जॅकच्या मधलं अंतर ठरवताना पिनच्या प्लास्टिकच्या मुठीची जाडी धरायची, जॅकची नाही, नाहीतर शेजारी शेजारी दोन पिना बसत नाहीत.

माझ्या डब्यावर पावडर कोटिंग होतं, आणि ते वीज वाहून नेत नाही. धातूचा डबा घ्यायचं कारणच हे की तो ग्राउंडला जोडला की बाहेरचा कचरा, म्हणजे वायफाय राउटर, मोबाइल, ट्यूबलाइटचं चोक, आत येत नाही. पण रंगावर जॅकचा नट आवळला तर डबा कशालाच जोडलेला नसतो, नुसता हवेत, आणि मग त्याला हात लावला की गुणगुण सुरू होते. म्हणून एका जॅकच्या भोकाभोवती आतल्या बाजूने ब्लेडने रंग खरवडून चकचकीत धातू उघडा केला, तिथे दातेरी वॉशर घातला आणि नट घट्ट केला. मग मल्टिमीटरचा एक प्रोब डब्याच्या उघड्या कडेला आणि दुसरा जॅकच्या स्लीव्हला लावून बझर वाजतोय का पाहिलं. तो वाजला तेव्हा फार बरं वाटलं.

सोल्डरिंग हे सगळ्यात आवडीचं. ४पीडीटी टॉगलच्या पाठीला बारा पाय असतात, तीन-तीनच्या चार रांगा. प्रत्येक रांगेतला मधला पाय म्हणजे कॉमन, तिथे इंटरफेसकडून आलेली तार, एका बाजूचा पाय मोठ्या स्पीकरचा, दुसऱ्या बाजूचा छोट्याचा. यात एक गंमत आहे, टॉगलची दांडी वर केली की आतून खालचे पाय जोडले जातात, कारण आत तो तराजूच्या काट्यासारखा टेकून हलतो. म्हणून लेबल लावायच्या आधी मीटरने बघून घ्यायचं, अंदाजाने नाही. पाय इतके जवळ असतात की मधल्या दोन रांगा आधी करायच्या आणि कडेच्या मागून, नाहीतर सोल्डरिंग गन आत शिरतच नाही. २५ वॉटची साधी पेन्सिल गन पुरते, टोक मात्र बारीक आणि कल्हई केल्यासारखं चकचकीत हवं. तारेला आणि पायाला दोघांना आधी वेगवेगळं थोडंसं सोल्डर लावून घ्यायचं, मग एकमेकांना टेकवून दोन सेकंद उष्णता, बस. जास्त वेळ धरलं तर आतलं प्लास्टिक मऊ होतं, पाय तिरका होतो आणि स्विच आतून कायमचा बिघडतो. म्हणून मी एक पाय केला की शेजारचा लगेच करत नव्हते, दुसऱ्या टोकाचा घ्यायचे. टेफ्लॉनची वायर यासाठीच घ्यायची, गरम झाली तरी तिचं साल मागे सरकत नाही. सांधा गार होताना अजिबात हलवायचा नाही, हलला तर तो चमकत नाही, मळकट खरखरीत दिसतो, तो ड्राय सोल्डर, आज चालेल आणि सहा महिन्यांनी तुटक आवाज देईल.

आतल्या तारांना शील्ड लागत नाही का असं मला एका मित्राने विचारलं. नाही लागत. धातूच्या डब्यात, जेमतेम सात-आठ सेंटिमीटरची तार, आणि इंटरफेसचा आउटपुट इम्पिडन्स शंभर-दोनशे ओहमचा. फक्त हॉट-कोल्डच्या जोडीला एकमेकींचा पीळ द्यायचा म्हणजे दोघी कायम सोबत चालतात आणि जे काही यायचं ते दोघींवर सारखंच येतं. रंग मी ठरवून ठेवले, लेफ्ट हॉट पांढरा, लेफ्ट कोल्ड निळा, राइट हॉट लाल, राइट कोल्ड काळा, आणि ते झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवलं, कारण वर्षाने उघडल्यावर काहीही आठवत नाही.

झाकण लावायच्या आधी टेस्टिंग. मीटर बझरवर ठेवून खटक्याच्या तिन्ही जागांवर प्रत्येक इनपुटची टिप, रिंग, स्लीव्ह बाहेरच्या जॅकला जिथे जायला हवी तिथेच जाते ना, आणि दुसरीकडे कुठे जात नाही ना, हे दोन्ही बघायचं. दुसरं बघायचा लोक कंटाळा करतात. मग कानाची टेस्ट: एकाच माइकने घेतलेला मोनो आवाज लावायचा, तो दोन स्पीकरच्या बरोबर मधे, समोर, एखादा माणूस उभा असल्यासारखा ऐकू आला पाहिजे. हॉट-कोल्ड एका चॅनेलवर उलटे लागले असतील तर तोच आवाज खोलीभर पसरतो, कुठून येतोय ते कळत नाही आणि खालचा सूर गायब होतो. मीटरवर हे सापडलं नाही तरी कान लगेच पकडतो.

हम, म्हणजे सतत येणारी घुमघुम, आली तर? माझ्याकडे चारही स्पीकर, इंटरफेस आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आहेत, त्यामुळे अर्थिंग एकाच जागी मिळतं आणि डबा शांत आहे. वेगवेगळ्या भिंतींवरच्या पॉइंटला लावलं की ग्राउंड लूपची (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जाऊन झालेल्या वेटोळ्याची) ५० हर्ट्झची घुमघुम सुरू व्हायची शक्यता असते. तेव्हा कृपा करून प्लगची तिसरी पिन काढू नका. असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, "अर्थ काढून टाका, हम जाते" म्हणून, पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे, आवाजासाठी नाही. काढायचंच तर ऑडिओ केबलचं शील्ड स्पीकरकडच्या टोकाला सोडून बघा, बॅलन्स्डमधे सिग्नल टिप आणि रिंगवर चालूच राहतो आणि लूप तुटते.

आणि हा डबा फक्त पॉवर्ड स्पीकरच्या आधी लावायचा. अँप्लिफायर आणि साध्या स्पीकरच्या मधे नाही. तिथे कित्येक अँपिअर वाहतात, आणि आजच्या बऱ्याच क्लास-डी अँपमधे स्पीकरची निगेटिव्ह तार ग्राउंड नसतेच, तिच्यावरही सिग्नल असतो, त्यामुळे आपल्या डब्यात सगळे स्लीव्ह एकत्र झाले की अँप शॉर्ट. माइकची लाइन पण यातून नको. फँटम पॉवरचे, म्हणजे माइकला त्याच तारेतून दिलेल्या विजेचे, ४८ व्होल्ट असताना खटका टाकला तर स्पीकरमधून जो धडाका येईल त्याने ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जाऊ शकतो. तुमची दुसरी जोडी जुनी, अनबॅलन्स्ड (कोल्ड तार नसलेली) असेल तर तिच्या केबलला स्टिरिओ पी-३८ पिनच लावा आणि रिंग मोकळी सोडा, म्हणजे इंटरफेसची कोल्ड बाजू ग्राउंडवर आपटत नाही. आवाज थोडा कमी येईल, तेवढंच.

वापरायला लागल्यावर पहिलं काम लेव्हल जुळवायचं. दोन जोड्यांत एक जरी किंचित मोठी वाजत असली तरी कानाला तीच चांगली वाटते, आणि मग आपण टोनची नाही, नुसत्या व्हॉल्यूमची तुलना करत बसतो. पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला सूंसूं आवाज) लावून खुर्चीच्या जागी फोनवरच्या मीटरने पाहिलं, मोठ्यांचा आकडा ७५ डेसिबलच्या आसपास ठेवला आणि छोट्यांच्या मागचा नॉब फिरवून तोच आकडा आणला. फोनचा आकडा अचूक नसला तरी चालतो, दोघांना तीच पट्टी लागतेय ना. नॉबवर पांढऱ्या मार्करची रेघ मारून ठेवलीय, झाडताना हलला तर कळतो.

आता मंडळाच्या एका गजराचं मिक्स करत होते, मोठ्यांवर पखवाज असा काही भरदार लागत होता की वाटलं झालं काम. खटका खाली. पखवाज जवळजवळ नाहीच, नुसती उजव्याची टकटक आणि वर टाळांचा कल्लोळ, बुवांचा आवाज त्याच्या मागे. मग डाव्याचा खालचा आवाज वाढवण्यात अर्थ नव्हता, छोट्यांत तो येणारच नाही. त्याच्या वरचा जो हाताचा थपकीचा भाग आहे तो थोडा उचलला, टाळ दोन डीबी खाली घेतले आणि वरचं थोडं कापलं, परत खटका वर, परत खाली, ओळ तीच, बुवा तीच तान घेतायत, आणि असं करत करत दोन्हीकडे पखवाज पखवाजासारखा वाटायला लागला. पिना काढत-घालत हे मला जमलं नसतं, कारण फरक इतका बारीक होता.

एक मोनो बटण मात्र मला पुढच्या डब्यात हवंय. मोबाइलचा एकच स्पीकर कसा वाजेल ते कळायला. त्यासाठी लेफ्ट आणि राइट सरळ एकमेकांना जोडायचे नाहीत, दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात. इनपुट जॅक आणि टॉगलच्या कॉमन पायांच्या मधे चारही तारांत एकेक ४७० ओहमचा, एक टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर घालायचा, आणि रेझिस्टरच्या पुढे एक साधा डीपीडीटी असा लावायचा की दाबल्यावर हॉटला हॉट आणि कोल्डला कोल्ड जोडले जातील. आवाज एक डेसिबलहूनही कमीच घटतो, आणि चारही रेझिस्टर जुळलेले असले की बॅलन्सही बिघडत नाही. तुम्ही आत्ताच डबा बनवायला घेत असाल तर ड्रिल हातात आहे तोवर त्या बटणाचं सहा मिमीचं भोक पण पाडून ठेवा, तारा भरल्यावर डब्यात ड्रिल घालता येत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमचा चुरा स्विचमधे गेला तर तो निघत नाही.